वरुणतीर्थावरचे खडे

१८ नोव्हेंबर २०२५. रात्रीचे दहा वाजत आले तरी शिवाजी पेठेतल्या आमच्या कट्ट्यावरून कुणी हलायला तयार नव्हतं. ढाक्यात भारत बांगलादेशकडून एका गोलने हरला होता. सामन्याला पंधरा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा तो गोल बसला, आणि उरलेला सगळा वेळ पोरं एका मोबाईलवर डोकी एकत्र करून तो फिटायची वाट बघत बसली. फिटला नाही. २००३ नंतर पहिल्यांदाच बांगलादेशने आपल्याला हरवलं होतं. आशिया चषकाचं दार तर महिनाभर आधी, मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवलं तेव्हाच बंद झालं होतं. हा सामना उरला होता तो अब्रूपुरता.

मग सुरू झालं.

“मार्चमध्ये छेत्रीला परत बोलावलं तिथंच समजायला पायजे हुतं. चाळिशीच्या माणसाला निवृत्तीतनं आणायची पाळी येते म्हंजे मागं कोण न्हाईच की.”

“बरं, छांगते सोडला तर गोल कोण मारतंय सांग.”

“खालिद जमीलला कोच म्हणून येऊन चार महिनं झाल्यात मर्दा. आल्या आल्या ओमानला पाडलं त्यानं.”

“पेनल्टीवर.”

“पेनल्टीवर का हुईना! पाडलं न्हवं?”

“त्यांच्याकडं हमझा चौधरी आणला इंग्लंडातनं. आमचा रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आला, तर कागदं वेळेत पुरी झाली न्हाईत म्हणून बाहेर.”

माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे, तालमीच्या पोरांच्या संघात डाव्या बगलेचा बचाव सांभाळतो. त्याचं एकच म्हणणं होतं की बचावाची फळी चुकीची निवडली. ते त्याने चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा आवाज चढवला, आणि शेवटी माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही सांगा. कुणाला घ्यायला पायजे हुतं?”

मला आबा आठवले. याच कट्ट्यावर बसून मी त्यांना असले प्रश्न विचारायचो, आणि दर वेळी ते उलट विचारायचे, “कोण खेळलं ते मागनं सांग. कशावर खेळले?”

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की आमच्याकडे फुटबॉल संघाचं नाव तालमीवरून असतं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ तालीम. कुस्तीचे हौदे ज्या पेठांनी राखले, त्याच पेठांनी फुटबॉल उचलला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन उभी राहिली, आम्ही सगळे तिला केएसए म्हणतो, आणि तेव्हापासून पेठेची इरेसरी एका चेंडूवर येऊन बसली. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना असला की दुपारी दुकानं अर्धी ओढून माणसं निघतात. कधी ही इरेसरी मैदानाबाहेर हातघाईवर येते, पोलीस बंदोबस्त लावावा लागतो, आणि त्याची मला मनापासून लाज वाटते. पण ज्या गावात आजीलासुद्धा कोणत्या पेठेचा गोलकीपर हलका आहे हे ठाऊक असतं, त्या गावाला राष्ट्रीय संघाबद्दल बोलायचा हक्क आहे, असंही मला वाटतं.

आबांचा जन्म १९३४ चा. सकाळी कुस्ती आणि संध्याकाळी फुटबॉल, असं त्यांचं पोरपण. तालमीत नवीन आलेल्या पोराला वस्ताद लगेच लढायला सोडत नसत. आधी हातात खोरं द्यायचे. रोज पहाटे हौद्यातली लाल माती खणायची, ढेकळं फोडायची, बोटांनी चाचपून खडा न् खडा वेचायचा, मग ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ करायची. आबा सांगायचे, महिना-दीड महिना हेच. एकदा त्यांच्या हातून एक खडा राहिला आणि मोठ्या पैलवानाच्या खांद्यात घुसला. वस्तादांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. तो खडा आबांच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटून दिवसभर तसंच राहायला सांगितलं.

ती सवय त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. आता जिथे गांधी मैदान आहे तिथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. म्हणून तर पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत अजून तिथे येऊन उभं राहतं. आबांच्या तोंडी गांधी मैदान हे नाव कधी आलंच नाही. “वरुणतीर्थावर जाऊन येतो,” म्हणायचे. मैदान ओलांडताना मध्येच वाकायचे, खडा उचलायचे आणि बंडीच्या खिशात टाकायचे. घरी आल्यावर आजी ती बंडी झटकायची आणि न्हाणीघराच्या दगडावर खडे टणटण पडायचे. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं दुमडलेलं, काळपट होतं. त्या मैदानावर अनवाणी खेळताना ते दोनदा उखडलं होतं. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचो. त्याचा स्पर्श बैलाच्या खुरासारखा होता.

आबांच्या सगळ्या गोष्टी १९५२ च्या हेलसिंकीपाशी येऊन थांबायच्या. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. तालमीत एकजण मोठ्याने पेपर वाचायचा आणि बाकीचे अंगाला माती लागलेली असतानाच ऐकायचे. १५ जुलैला भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून हरला. १०-१. आबा हा आकडा उच्चारताना इतक्या वर्षांनंतरही आवाज खाली आणायचे. आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत याच संघाने सुवर्ण जिंकलं होतं. कप्तान तोच, शैलेन मन्ना. प्रशिक्षक तेच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मग दहा गोल कसे बसले? बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि फिनलंडचं मैदान थंड न् निसरडं. पुढे बूट घातलेले युगोस्लाव्ह.

आणि आठच दिवसांनी, २३ जुलैला, त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आबांच्या मते या दोन बातम्या म्हणजे एकाच गोष्टीचे दोन भाग. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, म्हणून कोल्हापूर त्यांना आपलंच मानतं. १९४८ साली लंडनला ते गेले तेव्हा संस्थान अजून विलीन व्हायचं होतं आणि खर्च महाराजांनी उचलला होता. सगळा जन्म मातीत लढलेला माणूस तिथे गादीवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, बोटांनी जमीन धरता येते. गादी तसं धरू देत नाही. नियम वेगळे, गुण वेगळे. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले.

“परत आल्यावर गावात हीच चर्चा,” आबा सांगायचे. “ह्याला कशाला पाठवला, त्याला का न्हाई पाठवला. खाशाबा काय करत हुते तवा? गादीवरची कुस्ती शिकत हुते.”

पुढची चार वर्षं त्या गादीसाठी गेली. आणि मग निवडीचा घोटाळा झालाच. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी गप्प बसून सोसलं नाही. पतियाळाच्या महाराजांकडे, यादवेंद्रसिंगांकडे दाद मागितली, पुन्हा लढायची संधी मिळवली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करून जागा घेतली. आबा ही गोष्ट सांगताना मांडी ठोकायचे. निवडीवर भांडणं त्यांना कमीपणाचं कधीच वाटलं नाही. भांडायचं तर असं, की परत आखाड्यात उतरून दाखवता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

हेलसिंकीला जायच्या पैशाची गोष्ट मात्र आजीची. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणी झाली. आजी कराडकडची, तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोर. खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनपासून निघालेली मिरवणूक तिने वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली होती. शंभरावर बैलगाड्या. एरवी पाव तासाची वाट माणसांनी दिवसभर पुरवली. बेंदराला करतात तसे बैल सजवले होते, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, आणि धूळ एवढी की मागची गाडी दिसत नव्हती.

“पदक बघितलंस का?” मी विचारायचो.

“पदक कुठलं दिसतंय बाबा. बैलंच बघितली.” आणि मग तिचा नेहमीचा प्रश्न, आबांकडे बघून, “मास्तरांचं घर सुटलं नव्हं?”

सुटलं, असं आबा दर वेळी सांगायचे. खाशाबांनी परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. आजीला ते माहीत होतं. तरी ती विचारायची, कारण तिला ते पुन्हा ऐकायचं असायचं.

हेलसिंकीचं आणखी एक शल्य आबांना होतं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच रशियाच्या मल्लाशी लढायला उभं केलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. इशीने सुवर्ण नेलं. आणि त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदकाच्या उंबऱ्यावरून परत. खाशाबांचे पुतळे झाले, दिल्लीत कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव लागलं. माणगाव्यांचं नाव आज आमच्याच पेठेतल्या पोरांना सांगावं लागतं, आणि ते मला खुपतं. आबा मात्र दोघांची नावं एका दमात घ्यायचे. “दोन माणसं, दोघंबी पहिल्या चारात. चार वर्षं पायाखालचं बदलून घेतलं म्हणून.”

आणि फुटबॉल? इथे आबांचा आवाज पुन्हा चढायचा. १०-१ नंतर रहीमसाहेबांना कुणी काढलं नाही. महासंघाने बूट सक्तीचे केले. एवढीशी गोष्ट, पण अनवाणी वाढलेल्या पोरांना चेंडू अंगठ्याच्या टोकावर कळायचा, आणि आता मध्ये कातडं आलं. आबांनी स्वतः पहिला बूट घातला तेव्हा त्यांना चेंडू ‘ऐकू येईना’. हा शब्द त्यांचाच. टाचा सोलवटून निघाल्या, पंधरा दिवस लंगडत खेळले. मग हळूहळू ऐकू यायला लागलं.

चार वर्षांनी, १९५६ ला मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत गेलेला आशियातला तो पहिला संघ. तिथे पुन्हा युगोस्लाव्हिया भेटला आणि आपण ४-१ ने हरलो, पुढे बल्गेरियाने कांस्यही घेतलं. पण दहावरून चार! आबा बोटं मोडून दाखवायचे. १९६२ ला जकार्तात सगळं स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होतं. इस्रायल आणि तैवानला खेळांतून वगळल्याबद्दल आपल्या प्रतिनिधीने आवाज उठवला होता, त्याचा तो राग. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, मूळच्या बचावपटूला, रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत उभं केलं. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल, दोघांचे गोल. कोरिया २-१ ने पडला. अंगात कर्करोग घेऊन रहीमसाहेब तिथे उभे होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

आबांची प्रत्येक गोष्ट काट्यावर बरोबर होती असं नाही. १९५० चा विश्वचषक आपण अनवाणी खेळू देईनात म्हणून हुकला, हे ते छातीठोकपणे सांगायचे, आणि कित्येक वर्षं मीही तेच पुढे सांगत राहिलो. नंतर कळलं की खुद्द मन्नांनीच ते कारण खोडून काढलं होतं. महासंघाला त्या वेळी विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे बूट असते तरी गेले नसते?” त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. अनवाणी असण्यात त्यांना एक मानी दुःख होतं. आम्हाला महत्त्वच वाटलं नाही, हे त्यांना सोसलं नाही.

मी सोळा वर्षांचा असताना एका निवडचाचणीला गेलो. यादी लागली, माझं नाव नव्हतं, आणि चाचणीला न आलेल्या दोघांची नावं होती. मी रडत घरी आलो. आबांनी आधी कागद आणि पेन पुढे केलं. “लिही अर्ज. ज्या दोघांची नावं हाईत त्यांच्याबरोबर परत खेळवा म्हणून लिही.” मी लिहिला. उत्तर आलं नाही. मग संध्याकाळी त्यांनी विचारलं, “चाचणी कशावर झाली?” हिरवळीवर, ओल्या. मी आयुष्यभर मुरमावर खेळलेला, पायात कॅनव्हासचे सपाट तळाचे बूट. पहिल्या दहा मिनिटांत तीनदा घसरलो होतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आबांना सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी पेन्शनमधून मला स्टडचे बूट आणले. एक नंबर मोठे. वाढत्या पायाला.

मी काही मोठा खेळाडू झालो नाही. पण २०१७ च्या ऑक्टोबरात भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, भारत पहिल्यांदाच फुटबॉलच्या विश्वचषकात उतरला, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा या कट्ट्यावर पडदा लावला होता. रिक्षाचालकाचा मुलगा. अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-० असे तिन्ही सामने आपण हरलो. कोलंबियाविरुद्ध जॅक्सनने डोक्याने बरोबरीचा गोल मारला तेव्हा पेठेत फटाके उडाले होते, आणि ते विझायच्या आत दुसरा गोल बसला. त्या रात्रीही निवडीवर असंच भांडण झालं. मला वेगळंच दिसत होतं. अनिकेत शाळकरी वयात पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथे त्याला मैदान मिळालं, आहार मिळाला, रोजचा सराव मिळाला. ज्या गावात एका लीग सामन्याला हजारो माणसं येतात, त्या गावातल्या पोराला हिरवळीसाठी घर सोडावं लागत असेल, तर चुकतंय कुठे? २०२२ मध्ये तो वरिष्ठ संघातही गेला, बहारीन आणि बेलारूसविरुद्धच्या सामन्यांसाठी. दोन्ही सामने आपण हरलो. कट्टा पुन्हा भांडला.

२०२४ च्या १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेतलं, तेव्हा माझी पहिली आठवण आजीची होती. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी. ती असती तर तिने विचारलं असतं, ह्याच्यासाठी कुणी काय गहाण टाकलं?

हे सगळं मी त्या रात्री कट्ट्यावर सांगितलं. सलग नाही, मध्ये मध्ये पोरं तोडत होती. कुणी म्हणालं, तेव्हा आशियात कोण खेळत होतं, जपान तरी कुठे होता. बरोबर आहे. कुणी म्हणालं, आपण १४२ व्या नंबरवर घसरणार आता. ते दोनच दिवसांत खरं ठरलं. एकजण म्हणाला, “काका, आयएसएल ह्या हंगामात सुरूच झाली न्हाई अजून. पोरं सामने कुठं खेळणार, आणि खालिद जमील निवडणार कशातनं?” त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वाक्य मला ते वाटलं. आबांचाच प्रश्न होता तो, वेगळ्या तोंडून आलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुतण्या सरावाला निघाला, मीही बरोबर गेलो. गांधी मैदानावर धुकं होतं, पावसाळ्यातल्या चिखलात उमटलेले बुटांचे ठसे वाळून दगड झाले होते. पोरं बूट बांधता बांधताच रात्रीचा सामना पुन्हा खेळायला लागली. पुतण्या गोलपोस्टाकडे जाताना मध्येच थांबला, टाचेने जमीन उकरली, बोटभर लांबीचा टोकदार खडा काढला आणि माझ्याकडे फेकला.

“धरा काका. आणि त्या लेफ्ट बॅकचं काय ते सांगितलंच न्हाई तुम्ही.”

मी खडा खिशात टाकला आणि सांगायला लागलो.